चिठ्ठीवर शिक्का कुणाचाच नव्हता

लातूर, नांदेड आणि आसपासच्या तालुक्यांतल्या सर्व औषध विक्रेते बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. लातूरच्या ट्यूशन एरियात, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या क्लासांच्या भागात, २००३ पासून मेडिकल चालवतो. खाली नाव घातलेलं नाही, कारण या पत्रात एका पोराची गोष्ट आहे आणि माझं नाव कळलं की त्याचं कळायला गल्लीत वेळ लागत नाही. तुमच्यातले निम्मे मला लिहिण्यावरून ओळखतील, उरलेले उधारीवरून.

गेल्या फेब्रुवारीत एक चिठ्ठी माझ्या काउंटरवर चौथ्यांदा आली. दर वेळी पोरगा वेगळा. कधी झेरॉक्स, कधी मोबाइलवरचा फोटो. पण डॉक्टर तोच, पुण्याचा, अक्षर तेच, आणि उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा अर्धा गोल डागही तोच. बदलायचं ते फक्त पेशंटचं नाव. जुन्या नावावर व्हाइटनर फासून नवं लिहिलेलं. औषध मोडाफिनिल, म्हणजे जागं ठेवणारी गोळी. पहिल्या तीन वेळा मी गोळ्या दिल्या. चौथ्यांदा तो चहाचा डाग ओळखीचा वाटला आणि हात थांबला.

मग मी ती झेरॉक्स घेऊन बराच वेळ बसलो. महिनाभर हा कागद शहरात फिरत होता. पोरांनी सांगितलं त्यावरून निदान पाच-सहा दुकानांत तरी चालला असणार. त्यावर एकाही दुकानाचा शिक्का नव्हता. तुमचा नव्हता, माझाही नव्हता.

आपण डी.फार्म.ला हे पाठ केलं होतं. औषधे व सौंदर्य प्रसाधने नियम १९४५, नियम ६५. चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा. डॉक्टरने ‘पुन्हा द्या’ असं लिहिलेलं नसेल तर ती एकदाच चालते. आणि औषध दिल्यावर डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख टाकायची. हा शेवटचा भाग आपल्यापैकी कोण पाळतो? मी पाळत नव्हतो. शिक्का गल्ल्यात होता, शाई वाळलेली. तो फक्त बँकेच्या कागदांना आणि गणेश मंडळाच्या पावतीला लागायचा.

पहिल्या दुकानदाराने त्या पोराकडे मूळ कागद मागून त्यावर शिक्का मारला असता, तर पुढच्या सगळ्या झेरॉक्स शिक्क्यासकट निघाल्या असत्या. तो पहिला दुकानदार बहुधा मीच असेन. नक्की सांगता येत नाही, कारण मी कुठे काही नोंदच ठेवली नव्हती.

खरं तर मला हे येळवशीलाच कळायला हवं होतं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, ट्यूशन एरिया कसा ओस पडतो ते तुम्हाला माहीत आहे. पोरं भज्जी आणि आंबिल खायला गावाकडे पळतात, मेसवाले कुलूप लावतात, अभ्यासिकांचे पंखे बंद होतात. त्या तीन दिवसांत माझ्याकडे बीपीच्या, शुगरच्या, तापाच्या गोळ्या नेहमीसारख्या गेल्या. मोडाफिनिलचं एक पाकीट हललं नाही. हे औषध नार्कोलेप्सीसाठी आहे, म्हणजे बसल्या जागी, बोलता बोलता अनावर झोप लागते त्या आजारासाठी. झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांच्या दिवसाच्या सुस्तीसाठी आहे. रात्रपाळीमुळे झोपेची घडी विस्कटलेल्यांसाठी आहे. इतक्या वर्षांत नार्कोलेप्सीचा पक्का पेशंट मी एकच पाहिला, औशाकडचा एक ट्रक ड्रायव्हर. आता हे सगळे पेशंट मिळून येळवशीला गावी भज्जी खायला जातात, असं तर नाही ना?

आमच्याकडे येणारा एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, मला म्हणालाही होता, “सर, तुमच्या एरियात याची मूव्हमेंट भारी आहे.” मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आता त्या पोराचं सांगतो. गाव सांगत नाही, मांजरा नदीच्या अलीकडचं की पलीकडचं तेही नाही. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेतलेला, म्हणजे आपल्या भाषेत रिपीटर. वडिलांची चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. क्लासची फी, रूमचं भाडं, मेस, अभ्यासिकेची सीट हे सगळं त्या चार एकरांतून. पोरगा अबोल, नीटनेटका. आधी डोकेदुखीची गोळी न्यायला यायचा, मग अॅसिडिटीची. एकदा रात्री साडेनऊला आला. दुकानात कोणी नव्हतं तरी हळू आवाजात म्हणाला, “काका, ती जागायची गोळी देता का? रूम पार्टनर घेतो.”

मी चिठ्ठी मागितली. त्याने मोबाइल पुढे केला. हो, चहाच्या डागाचीच; माझा हात थांबला त्याच्या आधीची ही गोष्ट. मी फोटो नीट पाहिलाही नाही. पाहिलं ते एवढंच, की पोरगा चांगल्या घरातला आहे, अभ्यासासाठी मागतोय, नशेसाठी नाही. बटन, म्हणजे नशेची गोळी, मागायला येणारा ओळखू येतो, त्याला आपण हाकलून देतो. कोडीनचं सिरप मागणाऱ्याला हाकलतो. आणि असा पोरगा आला की आपल्याला कौतुक वाटतं. मी तर वर म्हणालो, “जास्त घेऊ नकोस रे, पोटात काही खाऊन घे.” एवढ्याने मला वाटलं, मी माझं काम केलं.

तीन आठवड्यांत तो तीनदा आला. तिसऱ्यांदा त्याचे डोळे खोल गेले होते आणि तो काउंटरवर बोटं वाजवत होता. मला दिसलं. मी पाकीट दिलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेअकराला शटर ओढत होतो, तर त्याचा रूम पार्टनर धावत आला. “काका, चला, तो कसंतरीच करायलाय.” वर गेलो. दहा बाय दहाची खोली, चार कॉट. पोरगा भिंतीला टेकून बसलेला, दोन्ही हातांनी छाती धरलेली. हात थरथरत होते, ओठ कोरडे पडलेले. दोन रात्री झोपलाच नव्हता. गोळी होतीच, तिच्यावर एनर्जी ड्रिंकचे डबे. ती ड्रिंक्सही माझ्याच फ्रिजमधली. या डब्यांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं आणि वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हे मुलांसाठी नाही. ते बारीक अक्षर वाचायला आपल्याला शिकवलंय, त्यांना नाही. पोरगा सारखं एकच म्हणत होता, “बायोचं रिव्हिजन राहिलंय, बायोचं राहिलंय.”

स्कूटरवर मध्ये बसवून, मागे पार्टनरला बसवून दवाखान्यात नेलं. नाडी १४२. ईसीजी काढला. हृदय ठीक होतं, नुसतं पळत होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, “काय घेतलंय? कुठून घेतलंय?” पोराने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरकडे पाहिलं आणि म्हणालो, “कॅफिन जास्त झालं असेल.”

पोरगा काही बोलला नाही. मला त्याने वाचवलं.

पहाटेच्या पहिल्या एसटीने वडील आले. पायात स्लिपर, खांद्यावर टॉवेल. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, “लई उपकार झाले बघा दादा. तुम्ही व्हताव म्हणून लेकरू वाचलं.” पंधरा दिवसांनी दुकानावर पायलीभर तुरीची डाळ आणून ठेवली, घरच्या जात्यावरची. नको म्हटलं तर वाईट मानतील म्हणून ठेवून घेतली. बायकोने एकदा वरण केलं. मला ते गिळवलं नाही. का ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल.

तर हे पत्र त्यामुळे आहे. मी कुणी साधू नाही. मला एवढंच म्हणायचंय, की क्लासवाल्यांवर, आई-बापांवर, नीटवर, सरकारवर बोलायच्या आधी काउंटरच्या या बाजूचं बोलू. ते सगळे दोषी असतीलही. पण गोळी त्यांच्या हातून जात नाही, ती आपल्या हातून जाते.

आता धंद्यातली गोष्ट धंद्यातल्या माणसांना सांगतो. मोडाफिनिलचं अर्धायुष्य साधारण १२ ते १५ तासांचं. रात्री दहाला घेतलेल्या गोळीतलं अर्धं औषध दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी एकपर्यंत अंगात असतं. पुढच्या रात्री झोपायच्या वेळेलाही चतुर्थांश शिल्लक. म्हणजे पोरगा एका रात्रीची गोळी म्हणून घेतो आणि दुसऱ्या रात्रीचीही झोप गमावतो. मग झोप आणायला आपल्याकडे अल्प्राझोलाम मागतो. एक चढवायला, एक उतरवायला. निदान अल्प्राझोलामसाठी २०१४ पासून एच-१ यादीतल्या औषधांचं रजिस्टर आहे, डॉक्टरचं, पेशंटचं, औषधाचं नाव आणि किती दिलं ते लिहावं लागतं, तीन वर्षं जपावं लागतं. म्हणून तिथे आपला हात जरा आखडतो. म्हणजे वही समोर असली की आपण शुद्धीवर असतो.

दुष्परिणाम तुम्हाला माहीत आहेत, तरी दोन सांगतो, कारण पोरांना ते कोणी सांगत नाही. एक, अंगावर पुरळ. बहुतेकदा साधं असतं, पण क्वचित तोंडात फोड, कातडी सोलणं, जिवावर बेतणं इथवर जातं. लहान मुलांच्या चंचलतेसाठी हेच औषध वापरू द्या म्हणून अमेरिकेत कंपनीने अर्ज केला होता. २००६ मध्ये त्यांच्या औषध प्रशासनाने तो नाकारला, त्यामागे ही पुरळाची भीती होती. दोन, मुलींचं. पीसीओडी या पाळीच्या तक्रारीसाठी ज्या मुली गर्भनिरोधकातल्या हार्मोनच्या गोळ्या घेतात, त्या गोळ्यांचा असर मोडाफिनिलने कमी होतो. वसतिगृहातली मुलगी हे विचारायला येणार नाही. तिच्या हातात आपण दोन्ही पाकिटं एकाच कागदी पिशवीत देतो.

चंचलतेच्या आजारासाठीच्या, म्हणजे एडीएचडीच्या, मिथाइलफेनिडेटचं तर बोलायलाच नको. ते शेड्यूल एक्स. वेगळा परवाना, कुलपातलं कपाट, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत आपल्याकडे दोन वर्षं. आपल्यापैकी बहुतेकांकडे तो परवाना नाही. तरीही या वर्षी दोन पोरांनी माझ्याकडे नावानिशी ते मागितलं. नाव कुठून कळलं म्हटलं तर, “टेलिग्रामवर टॉपर सांगतात.” या औषधाचा इतिहास गमतीचा आहे. १९४४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या एका कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं, त्याची बायको टेनिस खेळायच्या आधी घ्यायची, आणि तिच्या मार्गरिट या नावाचं लाडकं रूप रीता, त्यावरून त्याचं व्यापारी नाव पडलं, रिटालिन. घरगुती वाटतं ना? त्याआधी १९३८ मध्ये जर्मनीत मेथॅम्फेटामिनच्या गोळ्या दुकानांत खुलेआम मिळत होत्या, पुढे सैनिकांना वाटल्या गेल्या. १९४१ मध्ये त्याच जर्मनीने त्या अफूच्या कायद्याखाली आणल्या. जागं ठेवणारं प्रत्येक औषध आधी ‘निरुपद्रवी’ म्हणूनच काउंटरवर येतं.

मिथाइलफेनिडेटबद्दल एक मात्र उलट बाजूने सांगायचंय. एडीएचडी असलेलं खरंखुरं लेकरू आपल्याकडेही असतं. मानसोपचारतज्ज्ञाने तपासून, वजन-बीपी बघून त्याला हे औषध लिहिलेलं असतं आणि त्याने ते लेकरू वर्गात बसू शकतं. त्याची आई चिठ्ठीच्या दोन प्रती घेऊन आली आणि आपण तिला चोरासारखं बघितलं, तर तेही पाप आपल्याच खात्यावर. माझ्याकडे अशी एक आई आली होती. लातूरभर हिंडून शेवटी हैदराबादवरून मागवायला लागलं तिला. कागद बघून ओळखायचं की चेहरा बघून, हा प्रश्न इथे सुटतो. कागद बघून. दोन्ही वेळा कागद बघूनच.

आता तुम्ही म्हणाल, गोळी घेऊन पोरांचे मार्क तरी वाढतात ना? मलाही तसंच वाटायचं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या आणि केंब्रिजच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. १८ ते ३५ वयाची ४० निरोगी माणसं. त्यांना वेगवेगळ्या वेळी मिथाइलफेनिडेट, डेक्सॅम्फेटामिन, मोडाफिनिल आणि नुसती पिठाची गोळी दिली, कोणती कधी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग एक कोडं सोडवायला दिलं: थैलीत ठरावीक वजनच मावतं, प्रत्येक वस्तूचं वजन वेगळं, किंमत वेगळी, सगळ्यात किमती थैली भरून दाखवा. आपल्या बायका येळवशीला जाताना एसटीची बॅग भरतात तोच हिशेब. औषध घेतलेल्यांनी जास्त वेळ घालवला, जास्त वस्तू आत-बाहेर केल्या. मेहनत वाढली. पण थैली कमी किमतीची भरली. मिथाइलफेनिडेट घेतल्यावर तर असं दिसलं, की पिठाच्या गोळीवर जे सरासरीच्या वर होते ते सरासरीच्या खाली घसरले.

मला हे वाचताना तो पोरगा आठवला. काउंटरवर बोटं वाजवणारा. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. इथे कुठला प्रश्न सोडायचा हे कळणं म्हणजेच निम्मी परीक्षा. आणि गोळी नेमकं तेच बिघडवते. तिच्या तारेत पोराला वाटतं आपण खूप करतोय. वहीची पानं भरतात. आणि परीक्षा दुपारी दोन ते पाच, रात्री दोनला नाही.

झोपेचा हिशेब तर अजून साधा. १३ ते १८ वयाला झोपतज्ज्ञ आठ ते दहा तास सांगतात. दिवसा वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत. दही लावायला विरजण घातलं आणि रात्रभर भांडं हलवत बसलो तर काय होणार? १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच दोघांनी मोजलं होतं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढासळतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची हद्द १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे पाचला उठून, सहाची बॅच, मग कॉलेज, मग दुपारची बॅच, टेस्ट, मेस करून रात्री दहाला माझ्यापुढे उभा असलेला पोरगा हा कायद्याच्या भाषेत गाडी चालवायला नालायक असतो. आणि तो सांगतो, “काका, अजून चार तास बसायचंय.”

आपल्याकडे जागरण कशाला म्हणतात? खंडोबाचं. लग्न झालं की एक रात्र, दिवट्या, संबळ, वाघ्या-मुरळी. आणि दुसऱ्या दिवशी घरातली सगळी माणसं दुपारपर्यंत घोरतात, कोणी उठवत नाही. देवाचं जागरणसुद्धा एकच रात्र असतं. ट्यूशन एरियात वर्षाचे तीनशे दिवस चालू आहे.

क्लासवाल्यांना एकच ओळ. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, दिवसाला पाच तासांहून जास्त क्लास नको, आठवड्याला एक दिवस सुट्टी; जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर समुपदेशक नेमा. तुमच्या दारावर टॉपरचे फ्लेक्स आहेत, समुपदेशकाच्या नावाची पाटी मला अजून दिसलेली नाही. पण तुमच्याशी भांडण नंतर.

हे लिहिण्याआधी मी चार-पाच दुकानदार मित्रांशी बोललो. एक म्हणाला, “तू नाही दिलीस तर समोरचा देईल.” खरं आहे. मी नाही दिली तेव्हा समोरच्याने दिली. म्हणून तर हे पत्र एकट्या समोरच्याला न लिहिता सगळ्यांना लिहितोय. दुसरा म्हणाला, “पोरं ऑनलाइन मागवतात, आपण का गिऱ्हाईक सोडायचं?” मागवतात. पण ज्या रात्री छाती धडधडते त्या रात्री ऑनलाइनवाला जिना चढून वर येत नाही, आपण येतो. तिसऱ्याचा मुद्दा मला खरंच पटला. तो म्हणाला, “पोराला हाकललं की तो आणखी वाईट जागी जातो. भरतीची तयारी करणारी पोरं मेफेन्टरमिनची इंजेक्शनं कुठून आणतात, कळतं का आपल्याला?” ते भूल देताना पडलेलं बीपी वर आणायचं इंजेक्शन आहे, आणि जिममध्ये, मैदानावर ते टोचून पोरं पळतात. म्हणून हाकलू नका. त्याचं म्हणणं बरोबर आहे.

चौथा मित्र काही बोलला नाही. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे. त्याने फक्त विचारलं, त्या पाकिटाचा रंग कोणता असतो.

मी एप्रिलपासून माझ्या दुकानात काय करतो ते सांगतो. तुम्हीही करा, असं म्हणणं आहे. मोबाइलवरच्या फोटोवर मोडाफिनिल किंवा त्याच जातीचं आर्मोडाफिनिल देत नाही. मूळ कागद लागतो. दिलं की डॉक्टरच्या सहीच्या वर शिक्का आणि तारीख. एच-१ च्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर यांचीही नोंद ठेवतो. त्या रजिस्टरात ती कायद्याने मागितलेली नाही, मी ठेवतो. स्ट्रिप कापून दोन गोळ्या देणं बंद. आणि कोवळं पोर कागद नसताना मागायला आलं, तर त्याला स्टुलावर बसवतो. दुकानात मागच्या बाजूला एक स्टूल आहे. विचारतो, किती वाजता उठलास? बहुतेक पोरं पाच म्हणतात. मग मी मोठ्याने मोजतो: पाच ते दहा, सतरा तास. वर सांगितलेला दारूचा हिशेब ऐकवतो. हसतात. काही जण रडतात. एक जण माझ्यासमोर स्टुलावरच झोपला, पंचवीस मिनिटं. गिऱ्हाइकं करत करत मी त्याला झोपू दिलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी बिलाच्या मागे छापून घेतलाय. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. किती पोरं तो लावतात मला माहीत नाही.

धंदा कमी झाला. महिन्याला काही हजारांचा फरक पडला, खोटं कशाला बोलू. समोरच्या दुकानात रात्री साडेनऊला गर्दी दिसते. एका पोराने मला गूगलवर एक तारा देऊन लिहिलंय, “काका फार प्रश्न विचारतात.”

तो पोरगा बरा आहे. परीक्षेला बसला. मार्क विचारू नका, मी विचारले नाहीत. डॉक्टरशी मी खोटं बोललो होतो, ते पंधरा दिवसांनी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्या रात्री सांगितलं असतंत तर मला अंदाजाने जायला लागलं नसतं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. ते अधूनमधून फोन करतात, पाऊसपाण्याचं बोलतात, आणि दर वेळी शेवटी म्हणतात, लेकरावर लक्ष असू द्या दादा.

पुढच्या महिन्यात आपल्या संघटनेची बैठक आहे. विषयपत्रिकेत डिस्काउंटचा आणि ऑनलाइन फार्मसीचा विषय आहे, तो घ्याच. त्याआधी दहा मिनिटं मला द्या. मी ती चहाच्या डागाची झेरॉक्स घेऊन येणार आहे. ज्याच्या दुकानात ती आली असेल त्याने हात वर करावा, एवढंच. मी पहिला वर करतो.

शिक्का नसेल तर गंज गोलाईच्या बाजारात करून मिळतो, शाईच्या पॅडसकट. एका दिवसात देतात. आणि माझा शिक्का असलेली चिठ्ठी दुसऱ्यांदा तुमच्या काउंटरवर आली, तर मला फोन करा. माझा नंबर तुमच्या सगळ्यांकडे आहे, ग्रुपवर सकाळचे सुविचार मीच टाकतो.

आपला,
ट्यूशन एरियातला एक मेडिकलवाला
लातूर